काल या मशीनवर नेमकं काय बदललं?

२९ मार्च २०२४ रोजी एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून छोट्या करणाऱ्या लिनक्सवरच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांमध्ये बॅकडोअर, म्हणजे मुद्दाम ठेवलेली चोरवाट, असल्याचं जाहीर झालं. सर्व्हर सांभाळणाऱ्यांपुढे त्या दिवशी दोन प्रश्न होते. ती आवृत्ती आपल्या मशीनवर आत्ता आहे का? आणि आत्ता नसली तरी मधल्या काळात येऊन गेली का, किती दिवस होती? पहिल्याचं उत्तर पॅकेज डेटाबेस एका आज्ञेत देतो. दुसऱ्याचं उत्तर फक्त लॉग देऊ शकतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस म्हणजे खतावणी आणि लॉग म्हणजे रोजकीर्द. खतावणीत शिल्लक दिसते. पैसे कधी आले, कोणी आणले, कुठून आणले, हे रोजकीर्दीतच सापडतं.

आणि पॅकेज मॅनेजरांची, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणाऱ्या आणि बदलणाऱ्या प्रोग्रामांची, रोजकीर्द बहुतेक ठिकाणी अर्धवट असते. याच उदाहरणात तीन सापळे आहेत.

पहिला नावाचा. डेबियन या लिनक्स वितरणात ‘एक्सझेड-युटिल्स’ नावाचं पॅकेज आहे, पण बाधित लायब्ररी ‘लिबएलझेडएमए५’ या वेगळ्या पॅकेजात असते. फेडोरात तीच ‘एक्सझेड-लिब्ज’मध्ये, आर्चमध्ये नुसत्या ‘एक्सझेड’मध्ये. लॉगमध्ये सोर्स पॅकेजचं, म्हणजे ज्या मूळ कोडमधून ही पॅकेजं बनली त्याचं, नाव नसतं, त्यामुळे बातमीतलं नाव शोधणारा चुकीच्या ओळी वाचत बसतो.

दुसरा आवृत्तीचा. डेबियनने जुन्या, सुरक्षित कोडवर परत जाताना जी आवृत्ती काढली तिचा क्रमांक होता ५.६.१+रिअली५.४.५-१. पॅकेज मॅनेजरला आकडा पुढे गेलेला दिसला तरच तो अपग्रेड करतो, म्हणून ही युक्ती. ओपनसूसे टम्बलवीडनेही ५.६.१.रिव्हर्टटू५.४ असाच प्रकार केला. म्हणजे ‘५.६.१’ शोधणारा साधा ग्रेप (मजकूर शोधणारी आज्ञा) दुरुस्त मशीनलाही बाधित ठरवतो. आवृत्तीचा मजकूर पूर्ण जुळवायला हवा, तुकडा नाही.

तिसरा मुदतीचा. डेबियनमध्ये एपीटी (पॅकेजं निवडून उतरवणारा) आणि डीपीकेजी (ती प्रत्यक्ष बसवणारा) यांचे लॉग महिन्याला फिरतात, म्हणजे जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू होते, आणि बारा प्रती राहतात. जुन्या प्रती जीझिपने दाबून छोट्या केलेल्या असतात, साधा ग्रेप त्यांच्यात शिरत नाही, झेडग्रेप वापरावा लागतो. वर्ष उलटलं की पाटी कोरी.

(या लेखात आज्ञा, फाइलींची आणि रकान्यांची नावं देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.)

एपीटीच्या तीन फाइली

डेबियन आणि उबुंटूवर एकाच घटनेची नोंद तीन जागी होते. ‘/व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग’मध्ये व्यवहाराचा गोषवारा, शेजारच्या ‘टर्म.लॉग’मध्ये पडद्यावर जे जे उमटलं ते सगळं, आणि ‘/व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉग’मध्ये प्रत्येक पॅकेजच्या अवस्थेतला प्रत्येक बदल. हिस्टरीतली एक नोंद नमुन्यादाखल अशी दिसते:

स्टार्ट-डेट: २०२४-०३-२८  ०९:१४:०२
कमांडलाइन: एपीटी अपग्रेड
रिक्वेस्टेड-बाय: ऑप्स (१००१)
अपग्रेड: लिबएलझेडएमए५:एएमडी६४ (५.६.०-०.२, ५.६.१-१)
एरर: सब-प्रोसेस /यूएसआर/बिन/डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)
एंड-डेट: २०२४-०३-२८  ०९:१४:३१

वाचायला सोपी आहे, आणि जुनी व नवी आवृत्ती एकाच ओळीत आहे हे फार चांगलं. आता यात काय नाही ते बघू.

वेळेला टाइमझोन नाही. मशीनची स्थानिक वेळ आहे तशी लिहिलेली असते. सर्व्हर वेगवेगळ्या झोनमध्ये असतील, किंवा जिथे वर्षातून दोनदा घड्याळ मागेपुढे होतं तिथले असतील, तर दोन नोंदींपैकी आधीची कोणती हे ठरवता येत नाही. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये दोन स्पेस असतात ही वर आणखी गंमत. एका स्पेसवर तोडणारी स्क्रिप्ट तिथे रिकामा रकाना काढते आणि पुढचं सगळं एक घर सरकतं.

एरर आहे, पण कोणत्या पॅकेजची ते नाही. डीपीकेजीने १ परत केला एवढंच कळतं. अपग्रेडच्या ओळीत साठ पॅकेजं असतील तर साठांपैकी कोणतं अडकलं ते शोधायला डीपीकेजी.लॉगमध्ये जायचं. तिथे नीट पार पडलेल्या पॅकेजची शेवटची ओळ ‘स्टेटस इन्स्टॉल्ड’ असते. अडकलेल्याची ‘हाफ-कॉन्फिगर्ड’वर थांबलेली दिसते, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘हाफ-इन्स्टॉल्ड’वर. कारण मात्र तिथेही नाही. ते टर्म.लॉगमध्ये, प्रगतीच्या टक्केवाऱ्या आणि एस्केप सीक्वेन्स यांच्या गर्दीत. टर्म.लॉग थेट कॅट करू नये. त्यातली नियंत्रणचिन्हं टर्मिनल पाळायला लागतं आणि मधल्या ओळी पुसल्या गेल्यासारख्या दिसतात. ‘कॅट -व्ही’ किंवा साधं ‘लेस’ बरं.

तिन्ही फाइलींना जोडणारा धागाच नाही, हे मूळ दुखणं. व्यवहाराला क्रमांक नाही. वेळेच्या अंदाजाने ओळी जुळवायच्या.

रिक्वेस्टेड-बाय हे नाव एपीटी एनव्हायर्नमेंटमधून, म्हणजे प्रोसेसला मिळालेल्या व्हेरिएबलांमधून, घेतं. दुसऱ्याच्या अधिकाराने आज्ञा चालवणाऱ्या सुडोने ठेवलेला सुडो-यूआयडी (मूळ वापरकर्त्याचा क्रमांक) किंवा तसंच काम करणाऱ्या पीकेएक्झेकने ठेवलेला त्याचा जोडीदार, यांपैकी काही असलं तर ओळ उमटते. ‘सू -’ करून रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, झालेल्याची ओळ येत नाही, ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनची येत नाही. आणि व्हेरिएबलच असल्यामुळे रूटला ते हवं तसं बदलता येतं.

शिवाय पॅकेज कोणत्या रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या भांडारातून) आलं हे हिस्टरीत नाही, फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) नाही. थेट ‘डीपीकेजी -आय’ने घातलेलं पॅकेज तर हिस्टरीत येतच नाही, कारण एपीटी त्या वाटेवर नसतोच. ते फक्त डीपीकेजी.लॉगमध्ये दिसेल. हातात आलेली डेब फाइल (डेबियन पॅकेजची फाइल) ‘एपीटी इन्स्टॉल ./फाइल’ अशी घातली तर दोन्हीकडे नोंद होते. एवढी एक सवय लावून घेतली तरी नंतरचा बराच शोध वाचतो.

इतरांकडून काय घ्यावं

आर्चचा पॅकमॅन एकाच मजकूर फाइलवर भागवतो, पण ती फाइल विचारपूर्वक बांधलेली आहे. वेळ ऑफसेटसह, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनच्या फरकासह, असते. प्रत्येक ओळीवर कोणाचं बोलणं ते लिहिलेलं असतं: पॅकमॅन, एएलपीएम (त्याची लायब्ररी), किंवा एएलपीएम-स्क्रिप्टलेट (पॅकेजमधली स्क्रिप्ट). ‘ट्रान्झॅक्शन स्टार्टेड’ आणि ‘ट्रान्झॅक्शन कम्प्लीटेड’ या दोन ओळींच्या मधलं सगळं एका व्यवहाराचं. सुरुवात आहे आणि शेवट नाही म्हणजे काहीतरी मध्येच तुटलं, हे डोळ्यांनीही दिसतं. कॉन्फिग फाइलची नवी प्रत ‘.पॅकन्यू’ नावाने शेजारी ठेवली तर त्याची सूचना त्याच लॉगमध्ये येते. उणीव अशी की आज्ञा कोणी दिली हे कुठेच नाही, आणि रिपॉझिटरीचं नावही नाही.

फेडोराचा डीएनएफ वेगळ्या जातीचा. त्याची रोजकीर्द एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असते आणि प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो. ‘डीएनएफ हिस्टरी इन्फो ४२’ म्हटलं की सुरुवात, शेवट, वापरकर्ता, रिटर्न कोड, पूर्ण आज्ञा आणि बदललेली पॅकेजं समोर. ‘डीएनएफ हिस्टरी अंडू ४२’ने व्यवहार उलटवता येतो, अर्थात जुनी पॅकेजं रिपॉझिटरीत अजून असली तर. वापरकर्ता तो लॉगिन-यूआयडीवरून ठरवतो. हा आकडा लॉगिनच्या वेळी कर्नलमध्ये बसतो आणि नंतर सुडो किंवा सू केलं तरी तोच राहतो. क्रॉनसारख्या ठिकाणी तो बसलेलाच नसेल तर ‘सिस्टम <अनसेट>’ असं प्रामाणिकपणे लिहिलं जातं. नाव ठाऊक नसताना ‘रूट’ ठोकून देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

डीएनएफ ४ मधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक व्यवहाराच्या आधी आणि नंतर आरपीएमच्या (पॅकेजं प्रत्यक्ष बसवणाऱ्या, डीएनएफखालच्या थराच्या) डेटाबेसचा ठसा नोंदवणं. मागच्या व्यवहाराचा शेवटचा ठसा आणि पुढच्याचा पहिला ठसा जुळला नाही, तर मधल्या काळात कोणीतरी थेट आरपीएम चालवलं. कोणी आणि काय, हे कळत नाही. पण रोजकीर्दीचं पान गहाळ आहे हे तरी कळतं. आपल्याला काय माहीत नाही हे सांगू शकणारा लॉग विरळाच.

ओपनसूसेच्या झिपरची फाइल उभ्या रेघांनी तोडलेली: तारीख, क्रिया, नाव, आवृत्ती, आर्किटेक्चर, मागणी करणारा, रिपॉझिटरी, चेकसम. मागणी करणाऱ्याचा रकाना फक्त मुद्दाम मागितलेल्या पॅकेजपुढे भरलेला असतो, डिपेन्डन्सी म्हणून, म्हणजे दुसऱ्या पॅकेजला लागतं म्हणून, ओढल्या गेलेल्यापुढे रिकामा. एका रकान्यात ‘का आलं’ याचं अर्धं उत्तर मिळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिपॉझिटरी जोडली, काढली किंवा तिचा पत्ता बदलला, तर त्याचीही ओळ याच फाइलीत येते. पॅकेज हल्ल्याचा तपास करताना पहिली संशयास्पद हालचाल बहुधा तीच असते, आणि बाकीचे ती लिहीतच नाहीत.

प्रोग्रामिंग भाषांच्या पॅकेज मॅनेजरांबद्दल थोडक्यात, कारण तिथे कौतुकासारखं फार नाही. जावास्क्रिप्टचा एनपीएम होम डिरेक्टरीतल्या ‘.एनपीएम/_लॉग्ज’मध्ये प्रत्येक वेळी वेगळी फाइल करतो, पण डीफॉल्टने दहाच ठेवतो. इन्स्टॉल बिघडलं, मग कारण शोधायला माणूस पाच-सहा आज्ञा चालवतो, नंतर पुन्हा दोन-तीन वेळा प्रयत्न करतो, आणि मूळ चुकीचा लॉग त्या नादात पुसला जातो. ‘लॉग्ज-मॅक्स’ ही सेटिंग वाढवून ठेवली की हे टळतं. दुसरं म्हणजे एनपीएम ७ पासून डिपेन्डन्सींच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट पडद्यामागे चालतात, त्या फसल्या तरच त्यांचं बोलणं दिसतं. ‘फोरग्राउंड-स्क्रिप्ट्स’ चालू केलं की दिसू लागतं. बिल्ड सर्व्हरवर ते चालू असावं असं माझं मत.

पायथनच्या पिपमध्ये २२.२ पासून ‘--रिपोर्ट’ आहे. कोणतं पॅकेज, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या हॅशचं, मागितलेलं की ओढलेलं, हे सगळं जेसन या प्रोग्रामला वाचता येणाऱ्या मजकूर-स्वरूपात मिळतं. पण तो अहवाल डिपेन्डन्सी सोडवून झाल्यावर आणि प्रत्यक्ष इन्स्टॉलच्या आधी लिहिला जातो. म्हणजे तो बेत आहे, पावती नाही. अहवाल आहे म्हणून इन्स्टॉल झालंच असं धरून चालणारी पाइपलाइन कधीतरी फसणार. अहवालासोबत पिपचा एक्झिट कोडही साठवावा.

नोंद कधी लिहायची

पॅकेज मॅनेजर स्वतः लिहिणाऱ्यांसाठी, किंवा त्यावर आपला थर चढवणाऱ्यांसाठी, सगळ्यात महत्त्वाचा निर्णय रकान्यांचा नाही. नोंद कोणत्या क्षणी लिहायची, याचा आहे.

सोपा मार्ग म्हणजे सगळं झालं की शेवटी एक सुबक नोंद. हा मार्ग नेमका हवा तेव्हा दगा देतो. लॉगची खरी गरज बिघाडात पडते, आणि बिघाडात शेवट येतच नाही. वीज गेली, मेमरी संपून कर्नलने प्रोसेस मारली, एसएसएच तुटलं, पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्ट अडकून राहिली आणि कोणीतरी किल -९ने ती सक्तीने मारली: या सगळ्यांत लॉग कोरा राहतो आणि डिस्कवर मात्र अर्धी पॅकेजं बदललेली असतात.

म्हणून नोंदी तीन टप्प्यांत हव्यात. बेत ठरला, पण अजून एकही फाइल हललेली नाही, तेव्हा पहिली: व्यवहाराचा क्रमांक, कोणी, कोणती आज्ञा, कोणती पॅकेजं कशावरून कशावर. प्रत्येक पॅकेजची पायरी पूर्ण होईल तशी एकेक. आणि शेवटी निकाल. पहिली नोंद लिहिल्यावर एफसिंक करायचं, म्हणजे ती मेमरीतून खरोखर डिस्कवर उतरवून घ्यायची, आणि ते यशस्वी झालं तरच पुढे जायचं. नुसतं राइट केलेलं पान लिनक्सवर डीफॉल्ट सेटिंगने तीसेक सेकंद मेमरीतच राहू शकतं, तेवढ्यात वीज गेली तर नोंदही गेली. डीपीकेजी स्वतःचा डेटाबेस एफसिंक करूनच लिहितो, बेताच्या नोंदीलाही तेवढाच मान हवा. मधल्या प्रत्येक ओळीला मात्र एफसिंक नको. शेकडो पॅकेजांच्या अपग्रेडमध्ये जुन्या डिस्कवर त्याचा वेळ जाणवतो. बेत आणि निकाल, या दोनच जागा पुरेत.

डिस्क भरलेली असेल तर? लॉग लिहिता येत नाही म्हणून अपग्रेड थांबवायचं का, यावर वाद घालता येतो. माझं मत: बेत लिहिता येत नसेल तर थांबावं. लॉगच्या दोन ओळी मावत नाहीत तिथे पॅकेजं उलगडायला घेण्यात शहाणपण नाही. मधली ओळ लिहिता आली नाही तर मात्र थांबू नये, कारण अर्धवट सोडलेला व्यवहार हा हरवलेल्या ओळीपेक्षा मोठा त्रास आहे.

पुढच्या वेळी पॅकेज मॅनेजर सुरू होताना त्याने शेवटचा बेत बघावा. त्याला निकाल नसेल तर आपणहून ‘व्यवहार अमुक अर्धवट राहिला’ अशी नोंद करावी आणि तसं पडद्यावर सांगावं. चार ओळींचा कोड आहे.

रकाने

ओळीमागे एक जेसन ऑब्जेक्ट, म्हणजे जेसन लाइन्स, हा प्रकार मला सगळ्यात व्यवहार्य वाटतो. फाइल मध्येच तुटली तर शेवटची एक ओळ खराब होते, बाकी वाचता येते. अख्ख्या फाइलीचा एकच मोठा ॲरे केला तर शेवटचा कंस न आल्याने पार्सर सगळंच नाकारतो. शिवाय स्क्रिप्टच्या बोलण्यात नवी ओळ किंवा नियंत्रणचिन्ह आलं तर जेसनमध्ये ते एस्केप होतं. साध्या मजकुरात पॅकेजची स्क्रिप्ट हुबेहूब लॉगसारखी खोटी ओळ छापू शकते, आणि वाचणाऱ्याला फरक कळत नाही.

वेळ यूटीसीत, किंवा ऑफसेटसह. त्याशिवाय चढता क्रमांक हवाच, कारण घड्याळ मागे जाऊ शकतं. बॅटरीवर चालणारं घड्याळ नसलेली छोटी बोर्डं बूट होताना जुनीच वेळ दाखवतात आणि नेटवर्क मिळाल्यावर एकदम उडी मारतात. अशा मशीनवर वेळेने लावलेला क्रम विश्वासाचा नाही. क्रमांक आणि बूट आयडी (प्रत्येक बूटची वेगळी ओळख) दोन्ही असले की क्रम पक्का.

पॅकेजपुढे पूर्ण नाव, आर्किटेक्चर, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती. सोबत सोर्स पॅकेजचं नाव, वरचा पहिला सापळा त्यानेच सुटतो. उगम म्हणजे रिपॉझिटरीचं नाव आणि उतरवलेल्या फाइलचा शा-२५६ हॅश. सही तपासली का आणि कोणत्या किल्लीने तपासली, हेही. ‘तपासली नाही’ हे उत्तर असेल तर ते स्पष्ट लिहावं, रकाना गाळू नये. रिकाम्या रकान्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो.

कारण हा रकाना सगळ्यात उपेक्षित. एपीटी हिस्टरीत आपोआप आलेल्या पॅकेजपुढे ‘ऑटोमॅटिक’ लिहितं, पण कोणामुळे आलं ते लिहीत नाही. डिपेन्डन्सी सोडवणाऱ्या कोडला ते त्या क्षणी माहीत असतं, तासाभराने कोणालाच नसतं. दोन वर्षांनी ‘हे पॅकेज इथे का आहे, काढू का?’ असा प्रश्न पडतो तेव्हा हाच रकाना कामाला येतो. आणि पॅकेज काढलं जातं तेव्हाही कारण तितकंच हवं: मुद्दाम काढलं, कोणाशी पटलं नाही म्हणून गेलं, की आता कोणालाच नको म्हणून ऑटोरिमूव्हने झाडलं?

माणसाने दिलेलं कारण वेगळं. डीएनएफला ‘--कमेंट’ आहे, झिपरला ‘--यूजरडेटा’. तिकिटाचा क्रमांक तिथे घालण्याची शिस्त असली तर लॉग आणि निर्णय जोडले जातात. ऑटोमेशनमधून चालवताना तर हे घालायला काहीच कष्ट नाहीत, कारण प्लेबुकला स्वतःचा रन क्रमांक माहीतच असतो. अन्यथा सगळ्या नोंदींवर एकाच सर्व्हिस अकाउंटचं नाव दिसत राहतं आणि त्यामागचा माणूस कधीच दिसत नाही.

निकालात फक्त यश-अपयश नको. प्रत्येक स्क्रिप्टचा एक्झिट कोड, लागलेला वेळ, आणि फसली असेल तर तिच्या बोलण्याच्या शेवटच्या काही ओळी त्याच नोंदीत. पूर्ण बोलणं वेगळ्या फाइलीत, व्यवहाराच्या क्रमांकाने. कॉन्फिग फाइलीचं काय केलं, जुनी ठेवली की नवी घातली, हेही लिहावं. डीपीकेजी.लॉगमध्ये ‘कॉनफाइल’ अशी ओळ यासाठी आहे, पण ती कोणी बघत नाही, आणि अपग्रेडनंतर सेवा सुरू न होण्यामागे बरेचदा हाच निर्णय असतो.

जे लिहू नये

कमांडलाइन जशीच्या तशी लिहिणं उपयोगी आणि धोक्याचंही. एपीटीला ‘-ओ’ने प्रॉक्सी देताना पत्त्यात पासवर्ड घातला तर तो हिस्टरी.लॉगमध्ये साध्या मजकुरात जाऊन बसतो. ती फाइल डीफॉल्टने मशीनवरच्या कोणालाही वाचता येते. टर्म.लॉग मात्र रूट आणि एडीएम गटापुरताच असतो. पिपला टोकनसह इंडेक्सचा पत्ता देणाऱ्यांचं टोकन शेलच्या हिस्टरीतही राहतं.

दोन उपाय, दोन्ही लागतात. वापरणाऱ्याने गुपितं आज्ञेत देऊच नयेत. एपीटीसाठी ‘ऑथ.कॉन्फ’ आहे, पिपला नेटआरसी चालतं. आणि लॉग लिहिणाऱ्या कोडने पत्त्यातला ‘://’ आणि ‘@’ यांच्यामधला भाग लिहिण्याआधीच झाकावा. नंतर झाकू म्हणून चालत नाही. एकदा डिस्कवर गेलेली ओळ बॅकअपमध्ये जाते, लॉग गोळा करणाऱ्या सर्व्हरवर जाते, आणि तिथून परत आणता येत नाही. एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलं सरसकट ओतू नयेत. लागतील ती पाच-सहा नावं ठरवून तेवढीच घ्यावीत.

आहे त्यावर आज काय करता येईल

पॅकेज मॅनेजर बदलण्याची वाट न बघता हुकने, म्हणजे ठरावीक क्षणी आपली स्क्रिप्ट चालवून घेण्याच्या सोयीने, बरंच साधतं. एपीटीत ‘/ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी’मध्ये फाइल ठेवून ‘डीपीकेजी::प्री-इन्स्टॉल-पॅकेजेस’ला आपली स्क्रिप्ट जोडता येते. ‘डीपीकेजी::टूल्स::ऑप्शन्स’खाली त्या स्क्रिप्टच्या पूर्ण पथापुढे ‘व्हर्शन’ ३ ठेवलं की स्टँडर्ड इनपुटवर आधी ‘व्हर्शन ३’, मग एपीटीची सगळी कॉन्फिग, मग एक रिकामी ओळ आणि त्यानंतर पॅकेजमागे एक ओळ येते: नाव, जुनी आवृत्ती, तिचं आर्किटेक्चर आणि मल्टिआर्क खूण, दिशेचं चिन्ह, नवी आवृत्ती, तिचं आर्किटेक्चर आणि मल्टिआर्क खूण, शेवटी कृती. रिकाम्या ओळीपर्यंतचं सोडून द्यायचं. त्या कॉन्फिगमध्ये प्रॉक्सीचा पासवर्ड असू शकतो.

दोन गोष्टी सांभाळायच्या. स्क्रिप्टने शून्याखेरीज काही परत केलं तर एपीटी तिथेच थांबतं. म्हणजे लॉग पाठवायचा सर्व्हर बंद पडला म्हणून सुरक्षा अपडेट अडून राहू शकतात. नेटवर्कशी थेट बोलू नये. स्थानिक फाइलीत किंवा जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या लॉगमध्ये) लिहून शून्य परत करावं, पुढे पाठवण्याचं काम दुसऱ्याकडे द्यावं. आणि हा हुक थेट डीपीकेजी चालवणाऱ्याला पकडत नाही. त्यासाठी ‘/ईटीसी/डीपीकेजी/डीपीकेजी.सीएफजी.डी’मध्ये ‘स्टेटस-लॉगर’ आणि ‘पोस्ट-इन्व्होक’ ठेवता येतात. पोस्ट-इन्व्होक एखाद्या पॅकेजची स्क्रिप्ट फसली तरी चालतो, त्यामुळे निकालाच्या नोंदीला योग्य. फक्त एपीटी एका व्यवहारात डीपीकेजीला अनेकदा हाक मारतो, कधी उलगडायला, कधी कॉन्फिगर करायला. म्हणून एका अपग्रेडच्या अनेक नोंदी झाल्या तर घाबरू नये.

पॅकमॅनमध्ये ‘/ईटीसी/पॅकमॅन.डी/हुक्स’मध्ये प्री आणि पोस्ट दोन्ही हुक लिहावेत. फक्त पोस्ट लिहिणं ही नेहमीची चूक, कारण व्यवहार फसला तर पोस्ट चालतच नाही. आरपीएमच्या जगात ‘आरपीएम-प्लगिन-ऑडिट’ बसवलं की थेट आरपीएमने केलेले बदलही ऑडिट लॉगमध्ये जातात, सहीच्या तपासणीच्या निकालासह. डीएनएफ टाळणाऱ्यांना तिथे पकडता येतं.

लॉग फिरवणाऱ्या लॉगरोटेटमध्ये एपीटी आणि डीपीकेजी दोन्हींची मुदत वाढवावी. १२ ऐवजी ६० प्रती, म्हणजे पाच वर्षं. जीझिप केलेला हा मजकूर इतका छोटा असतो की जागेचा प्रश्न येत नाही. जर्नलवर एकट्यावर विसंबू नये. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी नसेल तर ऑटो सेटिंगमध्ये जर्नल मेमरीतच राहतं आणि रीबूटला जातं. डिस्कवर असलं तरी त्याची कमाल मर्यादा डीफॉल्टने फाइलसिस्टिमच्या १० टक्के किंवा ४ जीबी, यांपैकी कमी ती. बडबड्या सेवेच्या मशीनवर पॅकेजच्या नोंदी त्या पुरात वाहून जातात. आणि रूट मिळवलेला माणूस स्थानिक लॉग पुसू शकतोच, तेव्हा एक प्रत मशीनबाहेर जायला हवी.

हे सगळं लावल्यावर तपासणी व्हर्च्युअल मशीनवर करावी, आधी स्नॅपशॉट घेऊन. पोस्ट-इन्स्टॉलमध्ये ‘स्लीप ६०० && एक्झिट १’ असलेलं एक रिकामं पॅकेज बनवायचं आणि चार-पाच खऱ्या अपग्रेडसोबत घालायचं. स्लीप चालू असताना मशीनची वीज तोडायची. हळुवार शटडाउन नाही, व्हर्च्युअल मशीनचा प्लगच काढायचा. परत चालू करून फक्त लॉग वाचून लिहून काढायचं: बेत काय होता, कोणती पॅकेजं पूर्ण झाली, कोणतं कुठे अडकलं, कोणी सुरू केलं होतं. मग ‘डीपीकेजी --ऑडिट’ चालवून ती यादी पडताळायची. दुसऱ्या फेरीत वीज न तोडता स्लीप संपू द्यायचा आणि स्क्रिप्टचा एक्झिट कोड निकालाच्या नोंदीत त्या पॅकेजच्या नावासह आला का ते बघायचं. तिसऱ्या फेरीत डिस्क भरून टाकायची. पहिल्यांदा करताना तिन्ही फेऱ्या क्वचितच पास होतात, आणि सगळ्यात जास्त वेळा हुकलेला सापडतो तो पहिल्या नोंदीचा एफसिंक.